वाकळेचा घास

१

महेश्वरीचा दिवस पिठात सुरू व्हायचा आणि सुईदोऱ्यात संपायचा. मुरूम गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेने आत गेले की करडईच्या रानाला लागून त्यांची वस्ती होती. तीन खोल्या एका ओळीत, पुढे ओसरी, मागे परसबाग, आणि अंगणाच्या कडेला तिच्या नवऱ्याने, शिवानंदने, बांधलेली विटामातीची भट्टी. भट्टीत ती ज्वारीच्या पिठाची नानकटाई भाजायची आणि तव्यावरून उतरवलेल्या पातळ भाकऱ्या मंद आचेवर वाळवून कडक करायची. कडक भाकरी नीट जमली की टिचकी मारल्यावर पापडासारखी वाजते. त्या भाकऱ्या बुट्टीत रचून मधल्या खोलीत ठेवायच्या, आणि सकाळी शिवानंदने टेम्पोत घालून मुरूमला, कधी लोहाऱ्याला न्यायच्या. मग दोडक्या-वांग्यांना पाणी, शेळीला पाला, रांगत्या लेकीचे, अंजूचे, दूध, आणि हात मोकळे झाले की वाकळा. पुण्याची गिऱ्हाइके त्यांना गोधडी म्हणायची आणि फोनवर फोटो बघून मागवायची.

कडेच्या खोलीत सासू होती, प्रेमाबाई. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, तोंडात एकही दात नाही. पण त्यामुळे तिच्या जिभेची धार काही कमी झाली नव्हती. शब्द फुसफुसत बाहेर पडायचे एवढेच, आणि सुनेचे नाव तर तिला धड घेताच यायचे नाही. "महेवरी!" अशी हाक आली की महेश्वरीच्या कपाळावर आपोआप आठी चढायची.

एळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, होऊन गेली होती, थंडी अंगात मुरली होती. एका सकाळी तिने टेम्पोत चढवायला बुट्टीवरचे फडके काढले, तर वरच्याच भाकरीची कड तुटलेली होती. तुटली तर तुटली, रोज एखादी तुटते. पण कडक भाकरी तुटते ती आडवीतिडवी, तडकून. ही अर्धगोल तुटली होती, आणि त्या गोलाईवर बारीक बारीक खाचा होत्या.

कुणीतरी घास घेतला होता.

"उंदीर असंल," शिवानंद म्हणाला. त्याला घाई होती. तिनेही उंदीर म्हटले, आणि ती भाकरी भट्टीत टाकून दिली.

२

वाकळ शिवायची या घराची एक रीत होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकायचे, कडा दुमडून धावदोरा घालत यायचे, आणि चौथा कोपरा उघडा ठेवायचा. त्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा सारायचा, मगच तो मिटवायचा. वाकळ उपाशी मिटवायची नाही. का, म्हणून महेश्वरीने नवी नवरी असताना विचारले होते, तेव्हा प्रेमाबाई म्हणाली होती, "तुज्या पोटाला भाकर का लागती, ते इचारतीस का कुणाला?"

डोळे होते तोवर हा शेवटचा कोपरा प्रेमाबाईच मिटवायची. डोळे गेल्यावर ते काम सुनेकडे आले, आणि तेव्हाच नेमका दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका बाईने फोटो पाठवला. नव्याकोऱ्या गोधडीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली होती. खाली लिहिले होते, 'हे काय आहे?' महेश्वरी लातूरला कॉलेजात शिकलेली. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून तिने घास घालणे बंद केले.

सासूला मात्र सांगितले नाही. सांगितले असते तर महिनाभर घर डोक्यावर घेतले असते म्हातारीने. कडेच्या खोलीतून प्रश्न यायचा, "महेवरी, घास भरवलास का?" आणि महेश्वरी दोरा दातांनी तोडता तोडता म्हणायची, "भरवला, अव्वा." खोटे बोलताना तिला काहीच वाटायचे नाही. उलट जराशी मजाच वाटायची. आयुष्यभर टोचून बोलणाऱ्या बाईला फसवण्यात एक वेगळेच समाधान असते, आणि ते महेश्वरीने पुरेपूर घेतले.

त्याच हंगामात तिने अंजूसाठीही एक वाकळ शिवली. वरच्या थराला महेश्वरीच्या आईचे हिरवे इरकल लुगडे होते. आई गेली, तिचे एवढेच काय ते उरलेले. पोर मोठी होईपर्यंत पुरावी म्हणून वाकळ चांगली ऐसपैस केली. चौथा कोपरा मिटवताना कडेच्या खोलीतून प्रश्न आला आणि इकडून उत्तर गेले. बाकीच्या वाकळा पुण्याला रवाना झाल्या. ही तेवढी घरात राहिली.

३

उंदीर काही सापडला नाही. पिंजऱ्यातला तुकडा तसाच वाळून गेला, आणि बुट्टीतल्या भाकऱ्यांना मात्र अधूनमधून घास पडतच राहिले. कधी नानकटाईच्या डब्यातही. दरवेळी तसाच अर्धगोल, तशाच खाचा.

मग एक दिवस दुधीला घास पडला. परसबागेच्या कुंपणावर तिने अंजूची वाकळ उन्हाला घातली होती, आणि ती काढायला गेली तेव्हा शेजारी वेलावर लोंबणाऱ्या कोवळ्या दुधीचा लचका गायब होता. कापातून अजून पाणी पाझरत होते. उंदीर एवढे मोठे तोंड वासत नाही. शेळी दावणीला होती. महेश्वरी तिथेच वाकळ कवटाळून उभी राहिली आणि विचार करू लागली. घरात दिवसभर माणसे किती? ती, रांगणारी अंजू, आणि भिंत चाचपत परसात फेऱ्या मारणारी प्रेमाबाई.

दात नाहीत खरे. पण कवळी होती. शिवानंदने हौसेने उमरग्याच्या डॉक्टरकडून करून आणलेली. म्हातारीने ती एकदाच घातली, हिरड्या सोलल्या म्हणून थुंकली, आणि तेव्हापासून ती ओसरीवरच्या कोनाड्यात पत्र्याच्या डबीत पडून होती. असे सगळ्यांना वाटत होते, महेश्वरी मनाशी म्हणाली. काय सांगावे, म्हातारी गुपचूप घालत असेल. सुनेचा धंदा बुडवायचा, गिऱ्हाइकाच्या भाकरीला तोंड लावून ठेवायचे. तिची तेवढी तयारी नक्कीच होती. हा विचार डोक्यात आला आणि महेश्वरीला चक्क बरे वाटले. कारण सासूवर राग धरायची तिला सवय होती, दुसऱ्या कशाची नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी ती ओसरीवर ठिगळे जुळवत बसली होती. ऊन अंगणात पसरले होते. वारा नव्हता. अंजू मधल्या खोलीत वाकळेवर झोपली होती. आणि आतून आवाज आला.

कुरुम.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, सावकाश, कडक भाकरी दाढेखाली धरून फोडावी तसा. कुरुम. कुरुम. कुणीतरी निवांत चावत होते. घाई नव्हती त्या चावण्याला, लपवाछपवीही नव्हती.

महेश्वरी पाऊल न वाजवता उठली. उंबऱ्यात पोचली तशी चावणे थांबले. खोलीत कुणी नव्हते. बुट्टी फडक्याखाली, पोरगी वाकळेच्या घडीत गाढ झोपलेली, आणि कडेच्या खोलीचे दार किंचित किलकिले. तिने अंजूला उचलले. वाकळेच्या घड्यांमधून भाकरीचा चुरा खाली सांडला, मूठभर तरी. तो ओलसर होता.

तिने दाराच्या फटीकडे पाहिले आणि मनात म्हणाली, आता बघतेच तुला.

४

शिवानंद जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. राग आवरून, एकेक गोष्ट सांगत गेली. भाकऱ्या, नानकटाई, दुधी, चुरा. शेवटी म्हणाली, "अहो, अव्वा कवळी घालतायत गुपचूप. विचारा त्यांना."

प्रेमाबाई भिंतीला टेकून दुधात कुस्करलेली भाकरी बोटांनी चाटत होती. ती थांबली.

"काय म्हणतीया ही?"

"अव्वा, तू जरा गप," शिवानंद म्हणाला. बिचाऱ्याला दोन्हीकडून मार होता. तो उठला, ओसरीवरच्या कोनाड्यातून डबी घेऊन आला आणि झाकण उचकटून काढले. कवळीचे दोन्ही भाग आत होते. त्यांच्यावर धुळीचा थर साचला होता आणि दोन्हींच्या मधे कोळ्याने जाळे विणले होते. वर्षानुवर्षे त्या डबीला हात लागलेला नव्हता.

प्रेमाबाई भिंतीच्या आधाराने उठली, चाचपत महेश्वरीपुढे आली आणि तिने तोंड उघडले. पूर्ण उघडले. दिव्याच्या उजेडात गुलाबी, गुळगुळीत हिरड्या चकाकल्या.

"बघ. घाल बोट. कुठल्या दातानं खाल्ला तुजा दुधी?"

महेश्वरीने मान फिरवली. शरमेने तिचे कान तापले होते. मग भाकरी खातेय कोण?

शिवानंद डबी जागेवर ठेवायला गेला. प्रेमाबाईचा आवाज एकदम खाली आला. "महेवरी, खरं सांग. लेकराच्या वाकळेला घास भरवला व्हतास ना?"

ती वेळ होती. तेव्हा नाही म्हणाली असती तर पुढचे काही टळले असते की नाही, कोण जाणे. पण नुकतेच तोंडघशी पडलेल्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा पडायचे नसते. शिवानंद दारात येऊन उभा होता.

"भरवला," महेश्वरी म्हणाली. "कितीदा विचारता हो!"

५

अंजूला आंघोळ घालताना तिला ते दिसले. पोरीच्या पोटरीवर, मागच्या बाजूला. दोन लालसर ओळी, वर एक आणि खाली एक, अर्धगोल. कातडी फुटली नव्हती. पण खाचा स्पष्ट होत्या, आणि दोन्ही ओळी भरगच्च होत्या.

अंजूला खालचे दोनच दात आले होते.

महेश्वरीच्या हातातला तांब्या पाण्यात पडला. तिने पोरीला पदरात गुंडाळले, आत नेले, आणि दारे-खिडक्या बंद केल्या. पैंजण रुतले असतील, असे तिने स्वतःला सांगितले. पैंजण घोट्यात असतात, पोटरीवर नाही. अंगावर उठले असेल काही. उठते, पण असे ओळीने उठत नाही. प्रत्येक विचार तिने नीट तपासला, आणि प्रत्येक विचार हातातून गळून पडला. मग तिला आठवले की भाकरीची बुट्टी त्याच खोलीत असते. दुधी होता त्या कुंपणावर तेव्हा काय वाळत घातले होते, तेही आठवले.

ती उठली. हिरव्या वाकळेचा चौथा कोपरा कात्रीने उसवला, ताज्या भाकरीचा तुकडा आणि गूळ आत सारला, आणि बारीक, घट्ट टाके घालून मिटवून टाकला. रुसलेल्या आईची समजूत काढावी तसे तिने वाकळेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चुकलं माझं. घे, खा." स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू आले.

दुसऱ्या सकाळी वाकळ पेटीवर घडी घातलेली होती, तिने ठेवली होती तशीच. चौथ्या कोपऱ्यावरचे टाके जागच्या जागी होते. आणि भाकरीचा तुकडा व गुळाचा खडा खाली जमिनीवर, शेजारी शेजारी ठेवलेले होते. मुंगीसुद्धा लागली नव्हती त्यांना. नको असलेला घास ताटाबाहेर काढून ठेवतात, तसे ते होते.

भाकरी आता नको होती.

वाकळ जाळावी म्हणून ती भट्टीपर्यंत गेली. आच होती. पण इरकलाच्या काठावर आईने स्वतः मारलेली रफू दिसली आणि हात पुढे होईना. आणि वाकळ जाळायची म्हणजे हे सगळे खरे मानायचे. शिकल्या-सवरल्या बाईने नवऱ्याला काय सांगायचे, वाकळ पोरीला चावते म्हणून? ती परत फिरली. वाकळ पेटीत घातली, कुलूप लावले, अंजूला आपल्या पदराखाली घेऊन झोपवले. उठल्यावर तिने पोरीचा दुसरा पाय बघितला. टाचेवर तीच खूण होती, आणि या वेळी कातडी फुटली होती.

पेटीचे कुलूप बंद होते.

६

त्याच दिवशी प्रेमाबाईला ताप भरला. शिवानंद माल घेऊन लोहाऱ्याला गेलेला. दुपारी कडेच्या खोलीतून आवाज आला, "महेवरी, लई गार लागतंय गं. काय तरी टाक अंगावर."

महेश्वरी ओसरीवर भाकऱ्या थापत होती. अंजू तिच्या मांडीला चिकटून बसली होती, टाचेला हळद बांधलेली. महेश्वरीचा हात पिठात थांबला. तिने पेटीकडे पाहिले.

पुढे जे झाले ते रागाच्या भरात झाले नाही. असते तर निदान नंतर रडता तरी आले असते. तिने शांत डोक्याने विचार केला. वाकळ चावते, हे खूळ आहे. आणि खूळ असेल, तर म्हातारीच्या अंगावर वाकळ टाकण्यात वाईट काय? थंडी वाजणाऱ्या माणसाला पांघरूणच तर द्यायचे आहे. आणि खूळ नसेल, तर... तो 'तर' तिने पुरा केला नाही. अंजूच्या टाचेकडे मात्र बघितले.

तिने पेटी उघडली. वाकळ नेहमीपेक्षा जड लागली.

प्रेमाबाई हातपाय पोटाशी घेऊन पडली होती. पोरीसारखी लहान दिसत होती. महेश्वरीने वाकळ तिच्या अंगावर पसरली, पायांकडून खोचली. म्हातारीची बोटे लगेच काठावरून फिरू लागली.

"इरकल हाय. लेकराची ही?"

"हं."

"मग लेकरू काय घील? न्हाय, तिची तिला दे. ती गारठंल."

आयुष्यात पहिल्यांदा तिला ही बाई आवडली असती, थोडा वेळ मिळता तर. "तिला दुसरी आहे, अव्वा. झोपा तुम्ही."

बोटे चौथ्या कोपऱ्यावर येऊन थांबली. "घास भरवलाय न्हवं हिला?"

"भरवलाय, अव्वा."

प्रेमाबाईने सुस्कारा सोडला आणि वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली. महेश्वरी बाहेर आली. दार ओढले आणि कडी लावली. अंजू रांगत आत जाऊ नये म्हणून, असे ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला ते पटलेसुद्धा.

ओसरीवर येऊन तिने नवा गोळा घेतला. ऊन कलत होते. थोड्या वेळाने आतून आवाज सुरू झाला. भाकरीचा आवाज कोरडा असतो, तिला तो जन्मभर पाठ होता. हा कोरडा नव्हता. मधेच "महेवरी" असे आले, एकदाच, आणि ते हाक मारल्यासारखे नव्हते, विचारल्यासारखे होते. महेश्वरीने अंजूला घट्ट धरले आणि दुसऱ्या हाताने परातीत भाकरी थापायला सुरुवात केली. जोरजोरात. धप, धप, धप. पीठ उडाले, भाकरी फाटली, तरी ती थापतच राहिली. उठून चार पावलांवरची कडी काढायची होती. ती उठली नाही.

कधीतरी हात दुखून थांबले. आत शांतता होती. रानातून टेम्पोचा आवाज ऐकू येऊ लागला होता. शिवानंद येत होता. महेश्वरीने पोरीच्या टाचेवरची पट्टी सोडून पाहिली. नवी खूण नव्हती. तिने डोळे मिटले. सुटले, असे तिला वाटले, आणि असे वाटले याची लाजही वाटली.

"महेश्वरी," आतून हाक आली.

आवाज प्रेमाबाईचाच होता. फुसफुस नव्हती. अक्षरन् अक्षर लख्ख होते.

"महेश्वरी, दार उघड गं. अंजूला दे माझ्याजवळ."

कवळी घातली असेल. हा एकच विचार तिच्या डोक्यात आला, आणि तिने तो बुडत्याने धरावा तसा धरला. कवळी घातली असेल म्हातारीने, दुसरे काय. ती पोरीला कडेवर घेऊन उठली, कोनाड्यात हात घातला, डबी काढली आणि पिठाळ बोटांनी झाकण उघडले.

कवळीचे दोन्ही भाग आत होते. मधले जाळेही तुटले नव्हते.

टेम्पो अंगणात येऊन थांबला, तशी आतून पुन्हा तीच हाक आली. "अव्वा," शिवानंद उतरता उतरता हसून म्हणाला, "आज आवाज लई खणखणीत आलाय की! कडी का लावली हिनं?" आणि तो सरळ दाराकडे गेला. महेश्वरीने ओरडायला तोंड उघडले. काय ओरडायचे, ते तिला सुचेना.

आतून कुणीतरी दात वाजवले. अंजू आजीचा आवाज ओळखून खुदकन हसली आणि तिने दाराकडे दोन्ही हात पसरले.